आबांनी बसवलेला ब्रेक

चुडामण आबा वारले तेव्हा पिंप्राळ्यातल्या त्यांच्या कॉलनीची शववाहिनी नुकतीच दुरुस्त झाली होती, आणि ती दुरुस्त केली होती खुद्द आबांनीच. पहिलं गिऱ्हाईकही तेच निघाले. नशिबानं थट्टा करावी, पण किती!

गाडी म्हणजे रतनलाल शेठनी कॉलनीला दान दिलेली जुनी परदेशी व्हॅन. तिच्या ब्रेकला जोर मिळायचा स्टिअरिंगच्या पंपातल्या तेलाच्या दाबानं. पंप गळायचा, आणि ड्रायव्हर धनसिंग दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहायचा. तसला पंप जळगावात मिळेना, धुळ्यात मिळेना. आबांनी जन्मभर फिटरकी केलेली. म्हणाले, "तेलाची भानगडच नको. व्हॅक्यूमवर करून देतो. इंजिन हवा ओढील, डबडं ब्रेकला जोर देईल." आणि घुसले गाडीखाली.

दिवाळी गेली, संक्रांत आली, आबा गाडीखालीच. घरचा नळ गळत होता तो गळतच राहिला. एका दुपारी ताट वाढून, हाका मारून मारून पुष्पाबाईंचा घसा सुकला आणि त्या अंगणातून ओरडल्या, "जा मग त्याच गाडीत एकदाचे!"

आबा बाहेर आले, हात धुतले, मुकाट जेवले आणि त्या दिवसापासून बायकोशी बोलायचे बंद झाले. पुष्पाबाईही कमीपणा घेणाऱ्यातल्या नव्हत्या. घरात दोघं, आणि निरोप्या म्हणून मुलगा नवल. होळी झाली, आणि एका पहाटे आबा झोपेतच गेले.

"बाया मसणात येत नाहीत, अक्का," भाऊबंद म्हणाले.

"माझ्याच तोंडानं गेले ते. मी येणारच," म्हणत पुष्पाबाई गाडीत चढल्या आणि तिरडीला खेटून बसल्या. नवऱ्याचा एक शब्द, एवढंच त्यांना हवं होतं. ते आता ब्रह्मदेवाच्या बापालाही जमणार नव्हतं.

कोपऱ्यावरच्या गतिरोधकापाशी धनसिंगनं ब्रेक दाबला. गाडीत लांबलचक आवाज झाला, "हुस्सऽऽ!"

"थांब!" पुष्पाबाई किंचाळल्या. "ह्यांनी उसासा टाकला!"

"आई, काहीतरीच काय!" नवल म्हणाला. तेवढ्यात म्हैस आडवी आली, धनसिंगनं पुन्हा ब्रेक दाबला आणि उसासा नवलनंही ऐकला. 

इंजिन बंद करून सगळ्यांनी कान लावले. काही नाही. कॉलनीतल्या डॉक्टर चारुलताबाईंना रस्त्यावरच बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. "सकाळीच सांगितलं ना? गेलेत ते." तरी लोकांनी त्यांना गाडीत बसवून घेतलं. गाडी निघाली, चौक आला, ब्रेक लागला. "हुस्सऽऽ!" बाई दचकल्या. घाईघाईनं त्यांनी मनगट धरलं आणि ओरडल्या, "लागतेय, नाडी लागतेय!"

मग काय विचारता! स्कूटरवरच्या सुकदेवनं, म्हणजे पुष्पाबाईंच्या भावानं, सोनगीरहून परस्पर मसणात यायला निघालेल्या पाहुण्यांना फोन लावला.

"आबा जित्ता शे?" पलीकडून विचारणा झाली.

"श्वास घेऊ राहिले भो!"

पाहुणे जळगावच्या वेशीपाशी पोचले होते. त्यांनी तिथंच पेढे घेतले. इकडे एकानं तिरडीचे दोर सोडले, दुसऱ्यानं आबांच्या तोंडात पाणी घातलं. ते गालावरून ओघळलं. रतनलाल शेठनी आपण वाहिलेला हार हळूच परत काढून घेतला. चारुलताबाईंनी मात्र आबांचं मनगट पुन्हा नीट चाचपलं. "मघाशी गडबडीत मी माझंच मनगट धरलं होतं," त्या पुटपुटल्या.

आता धनसिंगच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं सगळ्यांना गप्प केलं, इंजिन चालू केलं आणि ब्रेक दाबला. हुस्सऽऽ. पाय उचलला, परत दाबला. हुस्सऽऽ. सगळ्यांचे चेहरे पडले. तो मागं वळला, हात जोडून म्हणाला, "अक्का, हे आबा नाहीत. ब्रेकचं डबडं हवा घेतं त्या तोंडाशी स्पंज लागतो. तो नाही बसवलेला, म्हणून आवाज करतं."

"मग ह्यांनी का नाही बसवला?"

धनसिंगनं मान खाली घातली. "आबा म्हणे, घरी जुन्या उशीत आहे स्पंज, पण बायकोले मागावा लागेल. पाडव्याले बोलतो म्हणे तिच्याशी."

पाडवा चार दिवसांवर होता. सकाळपासून कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या पुष्पाबाई तेव्हा रडल्या, पोटातून रडल्या. लोकांनी खाली मान घालून तिरडीचे दोर पुन्हा बांधले, शेठनी हार परत घातला. पाहुण्यांना पुन्हा फोन करायचा धीर मात्र कोणालाच झाला नाही.

पुष्पाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मसण किती लांब शे?"

"अजून दोन गतिरोधक, अक्का."

"सावकाश घे. दोन्हीवर दाब."

पहिल्यावर गाडीनं उसासा टाकला. पुष्पाबाई आबांच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "चुकलंच माझं. असं बोलायला नको होतं."

दुसऱ्यावर टाकला. त्यांचा आवाज चढला. "पण उशी तर तुमच्याच डोक्याखाली होती ना? फाडून घ्यायची! आणि मले मागायला काय झालं होतं? जीभ झडणार होती?"

नवल काही बोलायला गेला, मघाशी स्कूटर सोडून गाडीत चढलेल्या सुकदेवनं त्याचा हात दाबला.

स्मशानाच्या फाटकात सोनगीरचे पाहुणे पेढ्यांचे पुडे घेऊन उभे होते. गाडी थांबली. थांबलेल्या गाडीचा ब्रेक धनसिंगनं आणखी एकदा दाबला. हुस्सऽऽ.

"बरं बरं," पुष्पाबाई म्हणाल्या, "उतरा आता."