अस्वल आपल्या तळहातावर

जो प्राणी दिसत नाही त्याचं रक्षण करता येत नाही, हे आता सर्वमान्य झालं आहे. (पूर्वी प्राणी दिसत नसत म्हणूनच वाचत, पण तो अडाणी काळ होता.) या तत्त्वाला अनुसरून आमच्या वनखात्याने जंगलातल्या एकुलत्या एका अस्वलिणीच्या गळ्यात कॉलर घातली आणि तिचा ठावठिकाणा नागरिकांच्या फोनवर खुला केला. ॲप साहेबांच्या धाकट्या मेहुण्याने बनवलं. त्याने जन्मात अस्वल पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचं मन पूर्वग्रहमुक्त होतं.

ॲप गाजलं. अस्वलीण हलली की फोन वाजे : 'अस्वल आपल्या जवळ आहे. निसर्गाशी नातं जोडा!' नातं जोडायला माणसं सासूबाईंसकट गाड्या काढून येऊ लागली. ती ओढ्यावर गेली की माणसं ओढ्यावर. ती मधाच्या पोळ्याच्या झाडाकडे निघाली, तर माणसं आधीच तिथे हजर. मेहुण्याने अहवालात नोंदवलं : 'लोकसहभागामुळे प्राण्याच्या हालचालीत चौपट वाढ. प्रकृती उत्तम.'

मग कड्याखालच्या गुहेत ती व्याली. दोन पिल्लं. वनरक्षक बाईंनी साहेबांना फोन लावला.

"साहेब, निदान महिनाभर तिचा ॲपवरचा ठिपका बंद ठेवा. बाळंतीण आहे हो ती."

"बाई, ठिपका बंद केला तर लोकांना वाटेल अस्वल मेलं. खात्याची अब्रू जाईल."

"आणि खरंच मेली तर?"

"तर ठिपका आपोआप बंद होईल. तशी सोय आहे."

बाईंना ही सोय पटली नाही. (त्यांचं प्रशिक्षण जुनं.)

रविवारी सकाळी गुहेपुढे गाड्यांची रांग लागली. कुणीतरी हॉर्न दाबून धरला. अस्वलीण बिथरली आणि वाट फुटेल तिकडे पळत सुटली. ठिपका लांब जाताना पाहून गर्दीही त्याच्यामागे धावली. पिल्लांच्या गळ्यात कॉलर नव्हती, त्यामुळे ती मागे राहिल्याचं कुणालाच कळलं नाही. हमरस्त्यावर ठिपका आपोआप बंद झाला. सोय चोख निघाली.

बाई दिवसभर गुहेशी बसून राहिल्या. आई येईना. एक पिल्लू गार पडलं. दुसरं त्यांनी आपल्या गणवेशाच्या कोटात गुंडाळलं आणि छातीशी धरून कचेरीत आणलं. मेहुणा फोन उगारून धावत आला.

"थांबा बाई, तसंच धरा. रडलात तरी चालेल, फक्त इकडे बघून रडा."

बाई रडल्या नाहीत. "दूध कुठे मिळेल?" एवढंच त्यांनी विचारलं. तेवढा भाग कापावा लागला.

बाईंची बदली गोदामात झाली. कारण : गणवेशाचा गैरवापर. पिल्लू पिंजऱ्यात असून त्याचं अहोरात्र थेट प्रक्षेपण चालू आहे. ते सारखं दाराकडे बघतं; प्रेक्षकांना ते फार लाघवी वाटतं.

हे वाचून आपला जीव हळहळला असेल. साहजिकच आहे. त्या रविवारी गुहेपुढच्या रांगेत आपलीही गाडी होती. घरी पोचल्यावर आपण पाठवलेला अभिप्राय खात्याने आदर्श म्हणून भिंतीवर लावला आहे : 'अनुभव छान. पार्किंगची सोय हवी.'