महाराजांचा शेंडा

बाळांनो, आधी माफी मागतो. माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. शाळा मी लवकर सोडली. मी कासव आहे. मी पोचेपर्यंत शाळा रोज सुटलेली असायची. आता माझं वय सत्तर, म्हणजे आमच्यात लग्नाचं.

एका जंगलात, म्हणजे आमच्याच, सिंहमहाराजांच्या गुहेपुढे पसरट कुंडीत पाइनचं बोन्साय होतं. वय तीनशे वर्षं, उंची सशाएवढी. आजोबांनी ते राखलं, मग बाबांनी, मग मी.

वसंतात त्याच्या टोकांना मेणबत्तीसारखे कोंब येतात. ते नखाने खुडायचे. पाइनचा सगळा जोर वर धावतो. म्हणून वरचे कोंब जास्त खुडायचे आणि खालच्या अशक्त फांद्यांना हात लावायचा नाही. खालची फांदी एकदा वाळली की तिथे पुन्हा फुटत नाही.

एका वसंतात महाराज जांभई देत बाहेर आले.

"काय रे, काय चाललंय?"

माझं डोकं आत गेलं. आतूनच म्हणालो, "छाटणी, महाराज."

"एवढं मोठं काम, आणि समारंभ नाही?"

झालं! मंडप पडला. पत्रिका छापल्या. बावीस प्रमुख पाहुणे ठरले. प्रत्येकाला एक कोंब खुडायचा मान.

महाराजांचे सचिव कोल्हेसाहेब झाडाभोवती फिरले. "हा सगळ्यात वरचा शेंडा कोणाचा?"

"झाडाचा."

"अरे खुळ्या, महाराजांचा! त्याला नख लावणं म्हणजे राजद्रोह."

"पण साहेब, तोच तर खुडायचा असतो. नाहीतर खालच्या फांद्या मरतील."

"खालच्या काही बोलल्या का?"

"नाही."

"मग तू कशाला बोलतोस?"

पहिला मान अस्वलमामींचा. मामींनी शेंड्याकडे पाहिलं, महाराजांकडे पाहिलं आणि वाकून सगळ्यात खालचा कोंब तोडला. टाळ्या पडल्या, फोटो निघाला.

तरस रुसलं. "पत्रिकेत माझं नाव मामींच्या आधी होतं!" त्याची समजूत काढायला त्याला दोन कोंब दिले. मग सगळेच रुसले. रानडुकराने तर अख्खी फांदीच काढली. म्हणालं, "घरी दाखवायला लागते."

दुपारपर्यंत झाडाचा खालचा भाग उघडा पडला. वर शेंडा तेवढा डुलत होता.

"बघा, कसं वर चाललंय!" महाराज खूश झाले.

"महाराज, झाड मरेल," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही. बहुतेक मी आतूनच बोललो असेन.

संध्याकाळी कोल्हेसाहेबांनी अहवाल सांगितला आणि मी तो लिहून घेतला. शेवटी ते म्हणाले, "आता तात्पर्य घे. मुलांना उपयोगी पडेल."

तात्पर्य : छाटणी नेहमी खालून करावी. खालच्यांचं दुखणं वर पोचत नाही, आणि वरच्याची वाढ लांबूनही दिसते.

मी खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, महाराज उठायच्या आत, मी कुंडीच्या काठावर चढलो आणि महाराजांचा शेंडा खुडून टाकला. मागच्या बाजूला, फोटोत न येणाऱ्या एका फांदीवर दोन कोंब वाचले होते. त्यांना मी हात लावला नाही.