गभणेकाकांचा विरोधी पक्ष

आमच्या शेजारी गभणेकाका एकटेच राहतात, पण सकाळी त्यांच्या ओसरीवर कडाक्याचं भांडण चालू असतं. आमच्या वरठी गावात नवीन आलेले भाडेकरू तर पहिल्या दिवशी सोडवायलाच धावतात. बघतात तर काय, काका खुर्चीत बसून म्हणताहेत, "भिंतीले यंदा निळा रंग मारून टाकू." मग गुडघ्यावर हात टेकत उठतात, समोरच्या खुर्चीत जाऊन बसतात आणि कपाळाला आठ्या घालून स्वतःलाच झापतात, "काहून? पांढरा काय चावून राहिला तुमाले?"

ती समोरची खुर्ची सुलोचनाकाकूंची. काका स्टीलच्या कारखान्यात होते तेव्हापासून दोघांचा नियम होता. एकाने काही ठरवलं की दुसऱ्याने उलट बोलायचं. पटलं असलं तरी! "उलट बोलनारं कोनी नसलं का मानूस आपलंच खरं मानून बसते," असं काकांचं म्हणणं. एकदा काकांनी फ्रिज घ्यायचं काढलं. काकू इतक्या जोरात उलट बोलल्या की काकांना पटलं आणि फ्रिज रद्द झाला. तो मुळात काकूंनाच हवा होता. नंतर आठवडाभर त्या काकांशी धड बोलल्या नाहीत.

काकू गेल्या, तेव्हापासून दोन्ही बाजू काकाच सांभाळतात. गंमत म्हणजे काकूंच्या खुर्चीत बसले की हमखास जिंकतात.

परवा पुण्याहून मुलाचा फोन आला, आता कायमचे इकडेच या. काकांनी जाण्याच्या बाजूने सगळं मांडलं: गुडघे, एकट्याचा स्वयंपाक, नात. मग समोर जाऊन बसले. परत उठले, परत बसले, तेव्हा मीच डोकावले.

"पोरी, इथं बस," ते उठत म्हणाले. "रंगाचं, फ्रिजचं तिच्यासारखं बोलता येते मले. पन मी हे घर सोडून चाललो तर ती काय म्हनली असती, सुचूनच नाही राहिलं."

मी काकूंच्या खुर्चीत बसले. जाण्यातच त्यांचं भलं होतं, मला दिसत होतं. पण नियम म्हणजे नियम.

"नका जाऊ काका. आमाले करमनार नाही," मी एवढंच म्हणाले.

"हे कारन नाही, हे रडनं होय," काका हसले. मग चष्मा पुसून त्यांनी मुलाला फोन लावला.

"बेटा, इतक्यात नाही ठरत. उलट बोलनारी भेटली आहे, पन कच्ची आहे. तिले शिकवतो आधी."