चंद्रीचे पाहुणे

सांजेला चंद्रीनं केसातला आकडा काढून इंग्रजी कोशात खुणेला खोचला आणि उद्याच्या शब्दाला कुंकवाचं बोट लावलं. मी शेंगा फोडत होतो.

"अवं, उद्याचा शब्द अगदी तुमच्यावानी हाय. म्हणाल का?"

"न्हाई," मी म्हणालो.

चंद्री माझी बायको. शिक्षण मराठी तिसरी, वय पन्नाशीपुढं. मी पिंपरीत औषधाच्या कारखान्यात गेटवर वॉचमन. देहूरोडच्या बाजारात हिला तो जाडजूड कोश मिळाला आणि आमच्या खोलीतली शांतता गेली. शेजारच्या शंकर कंपाउंडरकडून एबीसीडी शिकली. मग रोज एक शब्द, तोही अवघडच. सोपे शब्द दाखवले की म्हणायची, "ते पोरांचं."

शब्द खडूनं दारावर लिहायचा आणि दिवसभर येईल त्याच्यावर वापरायचा. दूधवाल्याला म्हणाली, "तुजं दूध अ‍ॅबॉमिनेबल हाय." गडी खूष. मापावर आणखी धार घातली. शंकरनं त्याला अर्थ सांगितला, मग आठ दिवस फिरकला नाही.

अक्षरं ओळीनंच घ्यायची. कारखान्याच्या साहेबांच्या बाईनं एकदा विचारलं, "हॅपी?" तेव्हा ही 'डी'त होती. म्हणाली, "एच यायला चार म्हैनं हायती. आज डिप्लोरेबल हाय." संध्याकाळी बाईंनी धाडलेला डॉक्टर दारात.

मी ड्यूटीला निघालो की दारात अडवायची, शब्द म्हणा. मी एकदाही म्हटला नाही. गेटवर मला 'थांब' आणि 'पास दाखव' एवढं पुरतं. एकदा वैतागून विचारलं, "कशापायी हे?"

खडूचे हात पदराला पुसत म्हणाली, "आपल्याला पोर न्हाई, बाळ न्हाई. दारात कोण येतंय? रोज एक नवा पाहुणा तरी येतूय."

मी चपला घातल्या आणि गेलो.

शेंगा फोडल्या त्याच्या दुसऱ्या पहाटे ती उठलीच नाही. दुपारपर्यंत सगळं उरकलं. दारावर शब्द नव्हता.

पुढच्या सकाळी मी आकड्याचं पान उघडलं. इंग्रजी मला वाचता येत नाही. कुंकवाच्या बोटाखालचा शब्द चित्र काढावं तसा बघून बघून दारावर काढला. शंकर चहा घेऊन आला, त्याला म्हणालो, "वाच."

"ऑब्स्टिनेट."

"म्हंजी?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "हट्टी, तात्या."

पाहुणा कालपासून तिष्ठत होता. मी दारात उभा राहून तीनदा म्हटला. शंकर म्हणाला, आता बरोबर आला. तरी आणखी एकदा म्हटला.