नवा प्रोसेसर आणि जुनं बाकडं

कुंभार पिंपळगावच्या बाजारपेठेत बद्रीनाथचं कंप्युटरचं दुकान होतं, आणि त्या दुकानातला कंप्युटर एक पत्रिका जुळवायला एवढा वेळ घ्यायचा की तेवढ्यात घरी पुरण शिजून वाटून झालं असतं. मुलाची आणि मुलीची जन्मतारीख घातली, बटण दाबलं, की काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘कृपया थांबा’ असं उमटायचं. आतून कुणी जात्यावर बसल्यासारखी घरघर सुरू व्हायची. काही म्हातारी माणसं त्या घरघरीला हात जोडायची. बद्रीनाथ तेवढ्यात बाहेर जाऊन पान खाऊन यायचा.

दुकानात बाकडं एकच होतं. त्यामुळे मुलीचे काका आणि मुलाचे मामा यांची ओळख असो वा नसो, त्यांना मांडीला मांडी लावून बसावं लागे. आधी थोडं खाकरणं व्हायचं, मग पाऊसपाणी, मग कपाशीवरची अळी. शेजारच्या टपरीवरून कडूबाचा चहा यायचा. दुसरा चहा येईपर्यंत मुलाच्या मामाचा साडू मुलीच्या काकाच्या भावकीत निघायचा आणि एकमेकांच्या पाठीवर थापा पडायच्या. मग मशीनने एकोणीस गुण सांगितले काय आणि एकोणतीस सांगितले काय, कोण विचारतो? “बद्रीनाथच्या कंप्युटरवर जुळलेली सोयरीक मोडत न्हाई,” असं आसपासच्या गावांत बोललं जाई. बद्रीनाथ याचं सगळं श्रेय कंप्युटरला द्यायचा. कंप्युटर त्यावर काही बोलायचा नाही.

सन दोन हजारची लग्नसराई तोंडावर आली आणि जालन्याहून मच्छिंद्र आला. हा कंप्युटर विकायचा. गळ्यात टाय, पायात चप्पल.

“भाऊ, हा थ्री-एटी-सिक्स आता परसात ठेवा, कोंबड्या बसतील,” तो म्हणाला. “आता नवी पिढी आली. पेंटियम-थ्री. पत्रिका पापणी लवायच्या आत!”

“पापणी लवायच्या आत कुणाला पाह्यजे?” बद्रीनाथने विचारलं.

हा प्रश्न मच्छिंद्रला आजवर कुणी विचारला नव्हता. तो थोडा वेळ टायशी खेळला आणि मग त्याने हळूच सांगितलं, “घनसावंगीत एकानं घेतला बी.”

हे मात्र बद्रीनाथच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून घ्यावा की न घ्यावा, या विचाराने त्याला घास गोड लागेना. गावात सल्ला मागावा लागत नाही, तो आपणहून चालत येतो.

“बैल म्हातारा झाला तरी घराची वाट त्याला बराबर ठाव असती,” कडूबा चहा गाळता गाळता म्हणाला. “बदलू नका.”

“बिलकुल बदला,” पुंजाराम म्हणाला. हा बद्रीनाथचा रोजचा बसणारा. “मी येहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर काढून साडेसातची टाकली.”

“मंग पाणी वाढलं का?”

“पाणी न्हाई वाढलं. येहीर जल्दी आटली.”

हे ऐकून कडूबाला वाटलं आपलंच खरं, आणि पुंजारामला वाटलं आपलं. घरी बायकोचं, चतुराबाईचं, मत मात्र एकाच वाक्याचं होतं. “दळण जल्दी झालं म्हणून पीठ काय जास्त निघतं का?” एवढं म्हणून ती भाकरी थापायला लागली.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण बद्रीनाथला एक बहीण होती, बेबीनंदा. डी.एड. झालेली, बोलायला सडेतोड. तिची दोन स्थळं आधीच मोडली होती. एकाला मुलगी उंच वाटली, दुसऱ्याला शिकलेली वाटली. आता तिसरं स्थळ आलं होतं, अंकुशनगरकडच्या तातेरावांचा शिवाजी. शाळेवर मास्तर, गरीब स्वभावाचा, आणि उंचीने बेबीनंदापेक्षा दोन बोटं जास्तच. मुलांची पसंती झाली होती. बेबीनंदा कुणाला काही बोलली नव्हती, पण शिवाजीचा फोटो आरशामागे असल्याचं चतुराबाईने पाहिलं होतं आणि आरसा पुसताना तो पुन्हा नीट खोचून ठेवला होता.

अडलं होतं ते पत्रिकेवर. तातेरावांचा निरोप आला होता, “पोरीच्या भावाचाच कंप्युटर हाय म्हणतेत. आम्ही येतो. तारखा आमच्यासमोर घाला, उघड्यावर. आधी न्हाई सांगणार.”

भावी व्याही दुकानात येणार! बद्रीनाथने आपल्या कंप्युटरकडे त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं. डब्याला बाजूने झाकण नव्हतं, आणि चालू करायच्या बटणात काडेपेटीची काडी खोचलेली होती. बेबीचं लग्न या काडीवर टांगायचं? त्याने दुसऱ्याच दिवशी मच्छिंद्रला फोन लावला. जुना देऊन नवा घेतला. सोबत मोठा रंगीत पडदा आला आणि नवा प्रोग्रामही आला. त्यात गुण आधी पडद्यावर झळकायचे आणि कागद मागाहून निघायचा.

पहिल्या बाजाराच्या दिवशी पुंजारामच आपल्या मुलीसाठी अंबडचे पाहुणे घेऊन आला.

“बसा मामा,” बद्रीनाथ म्हणाला. त्याने तारखा घातल्या आणि बटण दाबलं. “उठा.”

“काहून?”

“झालं. चोवीस गुण.”

पुंजाराम धोतर सावरून बाकड्यावर पुरता टेकलासुद्धा नव्हता. “आवो, मी अजून बसलो बी न्हाई!”

“त्याचीच तर गंमत हाय!”

गंमत कुणाच्याच लक्षात आली नाही. अंबडचा पाहुणा पडद्याजवळ जाऊन वाकून बघत होता. “एकडाव पुन्हा बघा,” तो म्हणाला. “दमानं.”

बद्रीनाथने शक्य तितक्या दमाने बटण दाबलं. चोवीस.

“तेच?”

“तेच येणार की!”

“दोन्ही येळा तेच?” पाहुण्याने मान हलवली. “म्हंजे ते बघतच न्हाई. पाठ करून ठेवलंय.”

पाहुणे आले तसे उभ्या उभ्या निघून गेले. कडूबा चहाची किटली घेऊन दारात आला तेव्हा बाकडं रिकामं होतं. पुंजारामची आणि अंबडकरांची चार शब्दांची भेट झाली नव्हती. पुढे मांडव कुणी घालायचा यावरून निरोपानिरोपीत ती सोयरीक अडकून पडली. आणि ती एकटी नव्हती. लोक यायचे, गुण ऐकायचे, एकमेकांकडे परक्यासारखे बघायचे आणि आपापल्या जीपकडे जायचे. सोयरिकी जुळेनात. कडूबाचं दूध नासायला लागलं. “बद्रीनाथचा जुना कंप्युटर गुणाचा होता, नव्याला नुसती घाई झालीय,” असं बाजारात उघड बोललं जाऊ लागलं.

बद्रीनाथ भांडायला उठायचा. “ट्रॅक्टर जल्दी नांगरतो, म्हणून रान नांगरलं जात न्हाई का?”

“नांगरलेलं दिसतं तरी, बापू,” पुंजाराम म्हणायचा. “तुमचं कुठं काय दिसतं?”

“हे मशीन चुकत न्हाई! कव्हाच न्हाई! बामन चुकंल, पंचांग चुकंल, पर हे न्हाई!” असं तो कडूबाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर आणि पिठाच्या गिरणीतसुद्धा ओरडून सांगून आला. माणसाने एखादी वस्तू हौसेने घेतली की तिची वकिली त्याच्या गळ्यातच पडते.

अशा वातावरणात तातेराव आले. पांढरी टोपी, ओठ घट्ट मिटलेले. मागे शिवाजी. चतुराबाई आणि बेबीनंदा आधीच येऊन बसल्या होत्या. दारात पुंजाराम आणि आणखी पाचसहा जण काही काम नसताना उभे होते. बद्रीनाथने खुर्ची पुसली, पडदा पुसला, बटणावर बोट ठेवलं आणि लाईट गेली.

“येईल, येईल,” तो म्हणाला. लाईट तशी येणारी नव्हती. गावाबाहेरच्या डीपीवर काहीतरी जळालं होतं.

तातेरावांना बाकड्यावर बसावं लागलं. कडूबाने चहा आणला, चतुराबाईने घरून पोहे आणले. पोहे संपल्यावर तातेरावांनीच तोंड उघडलं.

“पत्रिकेचा आग्रह उगी न्हाई माझा. थोरल्याच्या येळेला बघितली न्हाई. सून घरात आली आन् महिन्याच्या आत माझी म्हैस आटली. तव्हापासून भ्या बसलंय.”

बद्रीनाथने गंभीरपणे मान डोलावली. पण कोपऱ्यातून बेबीनंदाने विचारलं, “कितव्या वेताची हुती?”

चतुराबाईने तिला चिमटा काढला. तो उशिरा पोचला.

“नवव्या,” तातेराव म्हणाले.

“मंग म्हातारी म्हैस आटणारच हुती, मामा. त्यात तुमच्या सूनबाईचा काय दोष?”

बद्रीनाथच्या डोळ्यांसमोरून तिसरं स्थळ टोपी सावरत निघून गेलं. तातेराव बेबीनंदाकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. म्हातारा हसत होता. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि शिवाजीने पाणी द्यायच्या आधी बेबीनंदाने दिलं.

“चार सालं झाली,” डोळे पुसत ते म्हणाले, “सारं घर माझ्या म्होरं मान हलवून राह्यलं. हे मला कुणी बोललं न्हाई. बिचारी पोर! चार सालं मी तिच्या हातचा चहा नाक मुरडून पेलो.”

त्यानंतर दुपार कशी गेली कळलं नाही. म्हशींवरून गोष्ट शाळेवर गेली, शाळेवरून भावकीवर. शिवाजी दोन वाक्यं बोलला आणि दोन्ही बेबीनंदाकडे बघून बोलला. तातेराव लग्नाला कुठली मंडळी येतील याची मोजदाद करत होते, तोच वरचा पंखा फिरायला लागला. लाईट आली होती.

लाईट आल्याचा आनंद कुणालाच झाला नाही.

“ऱ्हाऊ द्या आता,” बद्रीनाथ कसाबसा म्हणाला. “उशीर झालाय.”

“आता आलोच हाव तर घ्या बघून,” तातेराव म्हणाले, पण त्यांचाही आवाज आधीसारखा नव्हता. त्यांनी शिवाजीची तारीख सांगितली. बद्रीनाथने बटण दाबलं. जुना असता तर अर्धा तास घरघरला असता आणि तेवढ्यात देवाला काहीतरी सुचलं असतं. नव्याने कुणाला श्वास घेऊ दिला नाही. मोठ्या रंगीत पडद्यावर, दारातल्या माणसालाही वाचता येतील अशा लालभडक आकड्यांत, अकरा गुण उभे राहिले.

अठराच्या खाली जुळत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नेहमी फटकन बोलणारी बेबीनंदा रिकामे कप गोळा करायला लागली, आणि त्यातला एक कप तिने दोनदा उचलून दोनदा खाली ठेवला. बद्रीनाथ तिच्याकडे बघत राहिला. हिच्यासाठीच तर आणलं होतं हे डबडं!

तातेराव पडद्याकडे बघत होते. “बद्रीनाथराव,” त्यांनी विचारलं, “हे मशीन कव्हा चुकतं का हो?”

दारात पुंजाराम होता. कडूबा होता. गिरणीवाला होता. गेले काही आठवडे ज्यांच्याशी घसा फुटेस्तोवर भांडला ते सगळे होते, आणि सगळ्यांनी कान टवकारले होते.

“चुकतं,” बद्रीनाथ म्हणाला.

“किती?”

“लई.” एकदा तोंड फुटल्यावर त्याला थांबता येईना. “नवं हाय, उतावळं हाय. धड आयकून घेत न्हाई अन् उत्तर देतं. सारा बाजार सांगून राह्यला, मलाच पटत नव्हतं. फसलो मी.”

तातेरावांनी मोठा श्वास सोडला. “मलाबी तेच वाटलं,” ते म्हणाले. “पोरगी बघायला मला सारी दुपार लागली. ह्याला पापणी लवायच्या आत कसं कळंल?” आणि त्यांनी बेबीनंदाच्या हातून तो कप काढून घेतला. “पोरी, आणखी एक चहा सांग. तारीख काढू.”

चतुराबाईने डोळ्यांना पदर लावला. बद्रीनाथलाही रडू येत होतं, पण दारातून पुंजाराम पुढे सरकला.

“मंग आमचे चोवीस?”

“ते बी चुकले,” बद्रीनाथ म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

“म्हंजे जास्त हुते का कमी?”

“पाव्हण्याला घेऊन या. बराबर बघू.”

पुढच्या बाजाराला अंबडचा पाहुणा आला. तो आणि पुंजाराम दुकानात दोन टोकांना उभे राहिले. मांडवाच्या निरोपांनी दोघांचेही चेहरे आंबले होते. दोघांनाही जल्दी होती. बद्रीनाथने तारखा घातल्या, बटणावर बोट नेलं आणि दोघांकडे एकदा पाहिलं. मग तो टेबलाखाली वाकला आणि त्याने कंप्युटरची पिन भिंतीतून उपसली.

“लाईट गेली,” तो वर येत म्हणाला.

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. अंबडच्या पाहुण्याने पंख्याकडे पाहिलं. पुंजारामनेही पाहिलं.

“कव्हा येईल?” पाहुण्याने विचारलं.

“ते सांगता येत न्हाई.”

पुंजारामने आणखी एकदा वर पाहिलं. मग तो बाकड्यावर बसला आणि सरकून त्याने शेजारी जागा केली.

“बसा की पाव्हणं,” तो म्हणाला. “यंदा कपाशी कशी निघाली तुमच्याकडं?”