सुभेदार आप्पांची परवली

सुभेदार आप्पांच्या दाराची कडी वाजवली की आतनं "या, या" असं काही येत नाही. "थम. कौन आता है?" असं येतं. त्यावर आपण "दोस्त" म्हणायचं. मग आप्पा विचारतात, "दोस्त कुणाचा?" इथं गडबडलात की दार बंदच. दूधवाला, पोस्टमन, वर्गणीवाली पोरं, सगळ्यांना एकच कायदा. वर्गणीवाली पोरं तर आता त्या दाराकडं फिरकतच नाहीत, आणि माझा आपला संशय आहे की कायदा निम्मा त्यासाठीच असावा.

एका भाऊबीजेला त्यांची थोरली बहीण कोरेगावहून एसटीनं आली. हातात लाडवांची पिशवी, डोक्यावर ऊन. "थम. कौन आता है?" म्हातारी म्हणाली, "तुझी भन हाय, दार उघड." आतनं आवाज आला, "वळख सांग." म्हातारी तशी गरीब, पण एसटीत उभी राहून आली होती. तिनं पिशवी खाली ठेवली आणि आप्पा कितव्या इयत्तेपर्यंत अंथरूण ओलं करत होते, ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. दार तत्काळ उघडलं. आप्पा रागावले नाहीत. उलट आम्हालाच म्हणाले, "बघा, ह्याला म्हणत्यात वळख. दुसऱ्या कुणालाच ठावं नसलेली." ती बहीण पुढं वारली. आप्पांचा कायदा मात्र राहिला.

आप्पांची सगळी नोकरी फौजेच्या सिग्नलमध्ये गेली. तारा, वायरलेस, गुप्त निरोप. पेन्शनीत एकटेच आमच्या कुंडलला परत आले, पण निरोप काही सुटले नाहीत. फोनवर अजून "ओव्हर" म्हणतात. आणि फोन नंबर अख्खा कुणाला देत नाहीत. पहिले पाच आकडे मला दिले, उरलेले पाच दत्तू न्हाव्याला. आप्पांना फोन करायचा तर मी दाढीला गेलं पाहिजे. आणि एवढं करून जोडलेला नंबर फोनमध्ये साठवायचा नाही, अशी वर ताकीद.

आता माझं सांगतो. माझा फ्लेक्सचा धंदा आहे. आमच्या भागात माणूस जन्मला की फ्लेक्स, पोरगा भरती झाला की फ्लेक्स, म्हैस प्रदर्शनात पहिली आली तर म्हशीचा फ्लेक्स. खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेली दहा-पाच मुंडकी. लोक नावं ठेवतात, पण नाव ठेवणाऱ्याच्या घरी काही झालं की तोही माझ्याच दुकानात येतो. तेव्हा माझ्या स्वतःच्या पोरीला जर्मनीत नर्सची नोकरी लागल्यावर मी गप्प बसेन होय?

स्नेहल माझी एकुलती एक. मिरजेला नर्सिंग शिकली, वर जर्मन भाषा शिकली, परीक्षा पास झाली, व्हिसा आला. मी चौकात लावला तेवढा मोठा फ्लेक्स कुंडलनं आजवर पाहिलेला नाही. 'कुंडलची वाघीण निघाली जर्मनीला.' मागं विमान, पुढं स्नेहल, बाजूला खराखुरा वाघ. खाली विमानाची तारीख, त्या गावाचं नाव, हॉस्पिटलचं नाव, तिचा नंबर, माझा नंबर. पाहुण्यांना अभिनंदनाचा फोन करायचा तर नंबर नको? त्याचा फोटो काढून मी स्टेटसलाही ठेवला.

आप्पा आले. मागं हात बांधून बराच वेळ वाचत उभे राहिले. मला वाटलं, आता शाबासकी देणार.

"बाळू," ते म्हणाले, "दुश्मनाला नकाशा काढून दिलास की रं."

"आवं आप्पा, दुश्मन कोण हाय हितं?"

"त्येच तर ठावं न्हाई आपल्याला," म्हणाले आणि गेले.

परत आले ते डांबराचा डबा आणि ब्रश घेऊन. मी दुकानातनं पळत येईपर्यंत स्टुलावर चढून तारीख, गाव, हॉस्पिटल आणि दोन्ही नंबर काळे करून झाले होते. उरलं काय, तर स्नेहल, वाघ आणि गॉगलवाले. येणारा-जाणारा विचारायला लागला, पोरगी कुठं निघालीय जी सांगायला लाज वाटतीय. माझं डोकं असं फिरलं म्हणता. वय बघून गप्प बसलो, नाहीतर त्या दिवशी तोच डबा त्यांच्या डोक्यावर पालथा घातला असता. मंगल, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "आवं, म्हातारं माणूस हाय, त्येंच्या मनात काळजीच असंल." मी म्हटलं, "काळजी हाय तर देवाला नारळ फोडावा. माझा फ्लेक्स कशाला?"

दुसऱ्या दिवशी आप्पा इस्त्रीचे कपडे घालून आमच्या ओसरीवर हजर. डांबराचा विषय नाही. "पोरीला बोलवा. तुमी दोगंबी बसा," म्हणाले. आणि सुरू झाले.

स्नेहलला म्हणाले, "तुझ्यावर काय परसंग आला तर कुणी कुणाला फोन करायचा? चारच माणसं ठरवायची. दोन हितली, दोन तितली. हितली दोन एकाच घरातली नगंत, एका घरात सगळी एकदमच झोपत्यात." इथला पहिला नंबर मंगलचा ठरला. मी दुकानातल्या मशीनच्या आवाजात फोन ऐकत नाही, असं सगळ्यांनी माझ्या तोंडावर ठरवलं. दुसरा नंबर आप्पांनी स्वतःचा दिला. अख्खा, दहाच्या दहा आकडे. मंगलनं माझ्याकडं पाहिलं, मी मंगलकडं.

"पाकिटात चिठ्ठी ठिवायची. तीवर रक्तगट, कसल्या औषधाचा तरास हुतो ती, आन हे नंबर. बास. घरचा पत्ता न्हाई, पासपोर्टाचा नंबर न्हाई. पाकीट हरवलं तर चोराला काय घावलं? रक्तगट. घिऊ दे." पासपोर्टची झेरॉक्स एकाच माणसाच्या हातात द्यायची, ग्रुपवर टाकायची नाही. आपल्या दूतावासाचा नंबर चिठ्ठीत पाहिजेच. तिथं ॲम्ब्युलन्सला एकशे बारा आणि पोलिसांना एकशे दहा, आपल्याकडं दोन्हीला एकशे बारा. हे आप्पांनी तिच्याकडून तोंडपाठ करून घेतलं. ती नर्स, तिला काय ते ठाऊक नव्हतं? पण तिनं शहाण्या मुलीसारखं म्हणून दाखवलं.

"आता परवली," आप्पा म्हणाले. "फोनवर आवाज तुझाच हाय कशावरनं? हल्ली आवाजबी बनिवत्यात. तवा एक सवाल ठरवायचा. असा, की जगात दुसरं कोण इच्यारणार न्हाई. आन जवाब कुठल्या फ्लेक्सावर घावायचा न्हाई." हे म्हणताना माझ्याकडं बघितलंच.

मंगल म्हणाली, "लगीन कवा करनार, असं इच्यारते."

"नामंजूर. त्यो सवाल अख्खं गाव इच्यारतंय."

मी म्हटलं, "म्हशीचं नाव?"

"नामंजूर. म्हस फ्लेक्सावर हाय."

शेवटी स्नेहलनंच काढलं. मागं एकदा माझा चष्मा हरवला होता आणि घर उलथंपालथं केल्यावर पिठाच्या डब्यात सापडला होता. पीठ मळताना मंगलच्या हाताला लागला. ही गोष्ट लाजेपायी घराबाहेर गेलेली नव्हती. सवाल ठरला, "पिठाच्या डब्यात काय घावलं?" आप्पा म्हणाले, "मंजूर." आता तो सवाल बदललाय म्हणून तुम्हाला सांगतोय. नवा विचारू नका.

स्नेहल गेली. तिकडं तिच्या खोलीत जिन्सी नावाची केरळची पोरगी होती, ती तिथला पहिला नंबर झाली. आप्पांनी जिन्सीशी एकदा फोनवर बोलून लाईन तपासली. तिचे वडीलही फौजेतलेच निघाले, तेव्हा तपासणी तासभर चालली.

थंडी सुरू झाली होती. दुपारी मी घरी जेवायला बसलो होतो आणि बाहेरच्या देशातला नंबर वाजला. माणूस हिंदीत बोलत होता, एकदम साहेबी. भारतीय दूतावासातून बोलतोय म्हणाला. तुमची मुलगी स्नेहल, अमक्या गावात, अमक्या हॉस्पिटलात नर्स. सगळं बरोबर. रस्त्यात गाडीनं उडवलं, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करायला पाहिजे, पैसे लगेच पाठवा, तिच्या फोनवर लावू नका, तो पोलिसांनी जमा केलाय. आणि मग तिचा आवाज आला. रडत होती. "बाबा, लय दुखतंय. बाबा, लवकर करा."

माझ्या हातातला घास खाली पडला. खोटं कशाला सांगू, मला ना परवली आठवली ना आप्पा. मी रडत विचारत होतो, कुठल्या खात्यावर पाठवू, कुठल्या खात्यावर. फ्लेक्स डांबरला होता, पण डांबर लागायच्या आधीच काढलेला त्याचा फोटो माझ्याच स्टेटसवरनं गावोगाव फिरत होता, हे मला पुढं पोलिसांनी सांगितलं.

मंगल भाकरी टाकत होती. तिनं पिठाच्या हातानंच माझ्या कानाचा फोन ओढला.

"बाय," ती म्हणाली, "पिठाच्या डब्यात काय घावलं?"

पलीकडं रडणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. तो साहेब आला. "मॅडम, आप क्या पूछ रही हैं, लड़की मर रही है."

"तिला सांगू द्या. पिठाच्या डब्यात काय घावलं?"

साहेब ओरडायला लागला. मंगलनं फोन बंद केला. "ही माझी न्हवं," म्हणाली. आणि मग चुलीपुढं तशीच खाली बसली. तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी उठेना. "आवं," ती म्हणाली, "आन असली तर? दुखण्यात तिला आठवलं नसंल तर? मी माझ्या पोरीचा फोन कापला असंल तर?"

स्नेहलचा फोन लावला. नुसताच वाजत राहिला.

मी अनवाणी पळत आप्पांचं दार गाठलं. "थम. कौन आता है?" माझ्या तोंडातनं दोस्त वगैरे काही निघेना. नुसतं "आप्पा, स्नेहल" एवढंच आलं. दार उघडलं. वळख नाही, सवाल नाही, काही नाही.

आमच्या ओसरीवर आप्पांनी ठाण मांडलं. पहिलं काम, मंगलचा फोन मोकळा ठेवायला लावला. "सारखं लावू नका. तिकडनं येनाऱ्याला वाट द्या." मग स्वतःच्या फोनवरनं जिन्सीला. "जिन्सी बेटा, सुभेदार बोल रहा हूँ. स्नेहल को अपनी आँख से देखो. देखकर उसी से बात करवाओ. दौड़ के जाओ. ओव्हर." तिकडं सकाळ होती, जिन्सीची सुट्टी होती. पोरगी निघाली.

आता वाट बघायची. गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं पैसे पाठवून टाका, पोरीपेक्षा पैसा मोठा नाही. कुणी म्हणालं पाठवू नका. आप्पा म्हणाले, "रेडिओ सायलेन्स. कुणी बोलायचं न्हाई." सगळे गप्प. मंगलनं माझा हात इतका घट्ट धरला होता की त्या पिठाची बोटं माझ्या मनगटावर उमटली. आप्पा ताठ बसले होते, पण फोनची बॅटरी सारखी बघत होते.

फोन वाजला.

"आई, काय झालं? जिन्सी धापा टाकत वॉर्डात आली. मी ड्युटीवर आहे गं, फोन लॉकरमध्ये असतो."

मंगलच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी. पण पठ्ठीनं कायदा मोडला नाही. "पिठाच्या डब्यात काय घावलं?"

"बाबाचा चष्मा. पण का?"

का ते सांगायला कुणी जागेवर नव्हतं. गल्लीनं जो आवाज केला, तो जर्मनीला फोनशिवाय ऐकू गेला असेल. आप्पांनी आधी मला सायबर पोलिसांच्या नंबरावर तक्रार द्यायला लावली, ती होईपर्यंत कुणाला हलू दिलं नाही. मग मात्र हलगी आली, गुलाल आला. आमच्याकडं जिंकलं की गुलाल लागतोच, मग निवडणूक असो नाहीतर कुस्ती. आप्पांना फेटा बांधला, खांद्यावर घेऊन चौकापर्यंत मिरवलं. वर बसून ते "संतुलन ठिवा, संतुलन ठिवा" म्हणत होते आणि हसत होते. मंगल, जिनं कधी चारचौघांत पदर ढळू दिला नाही, ती गुलालात न्हाऊन हलगीपुढं नाचली. दत्तू न्हावी, त्याची सून, दुबईला निघालेली दोन पोरं, सगळी तिथल्या तिथं आप्पांपुढं रांगेत उभी राहिली, आमचीबी परवली ठरवा म्हणून. मी म्हटलं, होऊ दे डंका.

संध्याकाळी स्नेहलची ड्युटी संपली आणि तिनं पुन्हा फोन केला. "आप्पांना द्या," म्हणाली. आप्पा ओसरीवर गुलाल झटकत बसले होते. मी स्पीकर लावून दिला.

"आप्पा, तुमच्यावर काही प्रसंग आला तर फोन कुणाला करायचा? तुमची चार माणसं कोण?"

आप्पा म्हणाले, "मला कशाला पायजेत? मी कुठं परदेशी चाललोय?"

"सांगा की. कोण?"

आप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"मग एक नंबर माझा धरा," स्नेहल म्हणाली.

"लय लांब पडतंय पोरी."

"आज मी तुमच्यापास्नं किती लांब होते? मी दर रविवारी लाईन तपासणार. आणि परवली पण ठरवली मी. मी विचारणार, आप्पा, जेवलासा का?"

आप्पा एकदम सुभेदार झाले. "नामंजूर. ह्यो काय सवाल झाला? ह्यो तर कुणीबी इच्यारंल."

"कोण विचारतं तुम्हाला?"

मंगल चहा घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो. कधी जेवायला बोलावलं तर म्हातारा म्हणायचा, "मेस चालू हाय." आम्ही म्हणायचो, बरं.

आप्पांनी फोन जवळ ओढला.

"न्हाई," ते म्हणाले. "कोण न्हाई इच्यारत."

आणि मग हळूच, "मंजूर."