तुलनात्मक तक्ता आणि पार्बताबाईचा शिक्का

अमरावतीहून पत्र आले: संगणकासाठी लिनक्स घ्यावे की वितरित फाइल व्यवस्था, याचा तुलनात्मक तक्ता शुक्रवारपर्यंत सादर करावा. तोवर दर्यापूरच्या नागरी दाखला कार्यालयाने दाखले देणे थांबवले.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी, कोणीही उघडून दुरुस्त करावी अशी फुकट प्रणाली. दुसरी म्हणजे एका नोंदीच्या तीन प्रती तीन गावच्या संगणकांत ठेवण्याची पद्धत, तीही फुकट. एक बैल, दुसरे तीन गोठे. तक्त्याचे रकाने मात्र ठरलेले: दर, वजन, रंग, हमी.

शुक्रवारी पार्बताबाई नात आकांक्षाला घेऊन खिडकीशी आली.

"बाबू, पोरीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची आज शेवटची तारीख हाये. रहिवासी दाखला दे."

"आजी, तुलना चालू हाये," लिपिक किशोर म्हणाला. "दोन फुकट वस्तूंतली स्वस्त कोनती, थे ठरून नाई राहिलं."

कार्यालयप्रमुख चिंतामणसाहेबांनी तोडगा काढला. दोन्ही मंजूर! लिनक्सच्या तत्त्वानुसार नोंदवही जनतेच्या दुरुस्तीसाठी खुली झाली. तासाभरात गावातले चौघे दहा-दहा वर्षांनी लहान झाले. म्हणून दुसरे तत्त्व लागू करून वही तीन गावी ठेवण्याचे ठरले. झेरॉक्स मशीन बंद असल्याने वहीचेच तीन तुकडे केले. एक इथेच राहिला, एक अकोल्याला, एक तिवस्याला रवाना झाला.

"पार्बताबाईचं पान?"

"तिवस्याच्या बसमंधी, साहेब."

पार्बताबाईने पिशवीतून कागद काढला. "हे घ्या त्याच पानाची झेरॉक्स. दुसरी घरी हाये, तिसरी माहेरी. तुमचा भरोसा काहून धरू?"

साहेब उभे राहिले. "किशोर, ही तर चालती वितरित व्यवस्था!"

तक्ता भरला गेला. दर: निरंक. वजन: बेचाळीस किलो. रंग: सावळा. हमी: स्वतःची. पार्बताबाई 'केंद्र क्रमांक एक' म्हणून घोषित झाली.

"मंग शिक्का बी मलेच द्या."

नियमात मनाई नव्हती. तिने दाखल्यावर शिक्का मारला. आकांक्षा तो घेऊन जीपकडे धावली. पार्बताबाई खुर्चीवरच राहिली.

रांगेतला सूर्यभान पुढे आला. "मावशी, मले बी दाखला पाहिजे."

"तीन झेरॉक्स?"

"दोनच हायेत."

"उद्या ये."

रांगेत कोणी चिडले नाही. सगळे हळू आवाजात एकच विचारत होते, केंद्र क्रमांक दोनचा अर्ज कुठे मिळतो?

तुम्हीही तेच विचारणार होता ना? मागे उभे राहा.